कानाजवळची मोठी अक्षरं

ये गं, अशी जवळ ये. वाचतानासुद्धा तू उभ्याने वाचत असशील, एक डोळा गॅसवर आणि एक मोबाईलवर. मला माहीत आहे तुझी सवय. आधी बस. पंखा लाव. मावशी एवढं लिहून पाठवते तर दहा मिनिटं बूड टेकायला काय होतं तुला?

काकांच्या वर्षश्राद्धाला आली नाहीस. ऑफिसात ऑडिट होतं म्हणालीस. असेल बाई. मी ठरवलं होतं की तू भेटलीस की चांगलं रागवायचं, पण नंतर बघते तर राग आलाच नाही. म्हणजे क्षमा केली असं नाही हं. आलाच नाही. हल्ली माझं तसंच होतं. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात ना, गाल आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो, तसं. हे गेले तेव्हापासून ते इंजेक्शन काही उतरलं नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर तुला माझ्या मागची भिंत दिसली आणि तू विचारलंस, "मावशी, काकांचा फोटो कुठे गेला गं?" मी म्हटलं, सांगेन सावकाश. फोनवर मला काही सांगता येत नाही, समोरचं माणूस मध्येच अडकून वेडंवाकडं तोंड करून बसतं. म्हणून लिहिते.

माझं अक्षरचित्रांचं वेड तुला ठाऊकच आहे. तुझ्या मुलाच्या बारशाला मी त्याच्या नावाचा गणपती करून दिला होता, तो तुझ्या हॉलमध्ये आहे. हे मला कोणी शिकवलं नाही. शाळा मी केलीच नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या वज्रेश्वरीकडच्या गावात तेव्हा मुली गुरांमागे जायच्या. लग्न होऊन भिवंडीत आले, घरात कांडी भरायचं काम घेतलं, म्हणजे मागावरच्या धोट्यात सूत घालतात ना, त्या कांड्या, आणि मुलगा शाळेत जायला लागला तशी त्याच्या पुस्तकातून अक्षरं शिकले. तो मोठ्याने वाचायचा, मी कांडी भरता भरता त्याच्यामागून म्हणायचे. त्यामुळे एक खोड लागली ती लागलीच. मला मुकाट्याने लिहिता येत नाही. शब्द आधी तोंडाने म्हणायचा, मग तो हातात उतरतो. ओठ हलले नाहीत तर पेन हलत नाही.

आणि अक्षरं मला कधी नुसती अक्षरं दिसलीच नाहीत. 'म्हैस' लिहिलं आणि डोक्यावर दोन मात्रा दिल्या, तर ती शिंगंच की गं! बैलालाही तशीच दोन. गाईला मात्र लिहिण्यात शिंगं नाहीत बिचारीला, म्हणून मी शिरोरेषेची दोन्ही टोकं वर वळवून देते. मोराचा तुरा मात्रेत आयता मिळतो. कॅलेंडरचं पान फाटलं की त्याची पाठकोरी बाजू माझी. मग शेजारणी म्हणायला लागल्या, आमच्या बाळाच्या नावाचं काढून द्या, आमच्या सुनेच्या डोहाळजेवणाला द्या. पुढे मी माणसांचे चेहरेसुद्धा शब्दांनी भरायला लागले. जिथे सावली तिथे अक्षरं दाट आणि बारीक, जिथे उजेड तिथे विरळ.

हे दाट-विरळ मात्र मला तुझ्या काकांनी शिकवलं म्हणायचं. ते मागांचे मिस्त्री. बिघडलेला माग त्यांनी नुसता हात ठेवून ओळखावा. माझं चित्र पुरं झालं की ते कापडाचा ताका तपासावा तसं उजेडाकडे धरायचे, अंगठा फिरवायचे, आणि एका जागी थांबून म्हणायचे, "इथे पातळ झालंय." बस. चांगलं नाही, वाईट नाही. चित्र गणपतीचं आहे की गाढवाचं ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण जिथे अंगठा थांबला तिथे खरंच पातळ झालेलं असायचं.

ते गेले तेव्हा दुपार होती. हॉस्पिटलच्या बाकावर मी बसले होते. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मुलाला बाजूला नेलं, आणि मला कळलं. समोर भिंतीवर 'शांतता राखा' असं रंगवलं होतं. मी बघत होते की ह्यातल्या 'ख'चं पोट जरा फुगवलं तर कबूतर होईल का. मुलगा येऊन माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला, मी त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि कबूतर होणार नाही असं मनात ठरवलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. घरी बायका गळ्यात पडून म्हणत होत्या, "रड गं, मोकळी हो." मी त्यांना पाणी देत होते.

तेराव्याच्या आधी फोटोचा प्रश्न आला. भिंतीवर लावायला, हार घालायला फोटो हवा. आणि फोटो आहे कुठे? आमच्या लग्नाचा अल्बम पुराच्या पाण्यात भिजला, त्यात सगळ्यांची तोंडं एकमेकांत मिसळली आहेत. मुलाच्या लग्नात हे कायम पाठमोरे, वाढप्यांच्या मागे धावताना. मोबाईल समोर धरला की मान खाली. राहिला तो आधार कार्डावरचा. त्यात माणूस कसा दिसतो ते तुला सांगायला नको. मुलगा तोच घेऊन स्टुडिओत गेला.

स्टुडिओवाला भला माणूस. त्याने तो चेहरा मोठा केला, उजळ केला, मागे निळं आकाश टाकलं, मानेखाली कोट जोडला, आणि फोटो स्वतः घरी आणून दिला. कोट आणि टाय! मी म्हटलं, "भैया, ये कोट किसका है?" तर म्हणाला, "चाची, सबको यही डालते हैं. इज्जतदार लगता है." मुलाने मान हलवली. सूनबाई म्हणाली, "आई, छान दिसतायत बाबा." मीही हो म्हटलं. मला काय, मला काहीच वाटत नव्हतं.

पण तेराव्याला आमच्या वन्स आल्या अंजूरहून. ह्यांच्या थोरल्या बहीण. तू त्यांना ओळखतेस, त्यांचा आवाज रिक्षा स्टँडपर्यंत जातो. पायरीवर चप्पल काढता काढता त्यांनी फोटो बघितला आणि तिथेच थांबल्या.

"ह्यो कोन गो?"

"वन्स, असं काय करता. हे आहेत."

"ह्यो माझा भाव? मेल्यावर कलेक्टर झाला काय? टाय लावलाय बग! थंडीत मफलर बांधला तरी गुदमरतंय म्हनून फेकायचा." मग माझ्याकडे वळल्या. "साऱ्या दुनियेच्या पोरांचे गनपती काडतेस गो. माझ्या भावाचं तोंड तुला काडता येत न्हाय?"

मी म्हटलं, काढेन. वर्षश्राद्धापर्यंत काढते. त्या म्हणाल्या, "काड. न्हायतर ह्या कोटवाल्याला मी हार घालनार न्हाय. परक्या मानसाला कशाला हार?"

तेव्हा मला वाटलं, ह्यात काय मोठंसं. हातचं काम आहे. पण गंमत बघ, बसले तर हात चालेना. माझी रीत तुला सांगितलीच, नावाने चित्र भरायचं तर नाव आधी तोंडाने घ्यायचं. आणि ह्यांचं नाव मी कधी घेतलंय? लग्नात उखाण्यात घेतलं ते. त्यानंतर 'अहो'. 'ऐकलंत का'. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की मी कार्ड पुढे करायचे. एकदा तिथला माणूस म्हणाला, "आजी, मुक्या आहात का?" मी मान हलवली, हो म्हणून. परवडलं, पण नाव नको! तू हसशील. तू तर जावईबापूंना नावाने हाक मारतेस. आमची सूनबाईपण माझ्या मुलाला रस्त्याच्या पलीकडून नावाने बोलावते, जशी काय रिक्षाच थांबवते. मला त्यात वावगं वाटत नाही. पण माझ्या तोंडाला ते वळण नाही.

तिनेच सुचवलं, "आई, मी म्हणते, तुम्ही लिहा." स्वयंपाकघरात ती एकेक वेळ नाव घेणार आणि मी लिहिणार असं आम्ही करून बघितलं. दोन ओळी झाल्या. दुकानाची पाटी रंगवावी तशा. मग म्हटलं, आता कोण आहे ऐकायला, आपणच घ्यावं नाव. दार लावलं आणि घेतलं. अगं, काहीच झालं नाही. शेजारच्या कोणाचं घ्यावं तसं वाटलं. मी ज्या माणसाचे डबे भरले त्याचं ते नावच नव्हतं जसं काही.

मग सुनेने मोबाईल काढला. आता त्यातसुद्धा मिळतं म्हणे. फोटो टाकायचा, नाव टाईप करायचं, की त्या नावाचाच चेहरा बनून येतो. तिने केलं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत आला की! बारीक बारीक नावं, गालावर वेगळी, भुवईत वेगळी, माझ्याने जन्मात जमणार नाही इतकी सफाई. तिला आनंद झाला. वन्सांना पाठवलं. त्यांचा लगेच फोन. "सूनबाय, ह्यो आधार कार्डाच्या रांगेत हुबा हाय तसाच हुबा हाय. घाबरलेला. कोट काडलास तेवडं बरं केलंस."

सूनबाईचं तोंड उतरलं. मी तिला म्हटलं, तू मनाला लावून घेऊ नकोस, त्या माझ्या लग्नात माझ्या आईला 'जेवणात मीठ कमी' असं माईकवरून बोलल्या होत्या. ती हसली. मीपण हसले. हसू येतं मला, ते अजून येतं.

पण गोष्ट तिथेच अडली होती. नावाचं सोडून दे. माझी खरी अडचण निराळी निघाली, आणि ती मी कागदासमोर बसल्यावर मला कळली. मला ह्यांचा चेहरा आठवेना. म्हणजे ओळखता आला असता, लाखात. पण डोळे मिटून समोर आणावा तर येईना. नाक कसं होतं? नाकासारखं नाक. फोटो बघावा तर तो कोटवाला मध्ये येतो. मी पेन्सिलीने काढायचे, खोडायचे. घाबरले असते तर बरं झालं असतं. मी नुसती बसून राहायचे, आणि वरणाला फोडणी द्यायची वेळ झाली की उठायचे. एवढंच मनात यायचं की वर्षश्राद्धाला वन्स येतील, आणि माझ्याकडे त्यांना दाखवायला त्यांचा भाऊ नसेल. परक्यासमोर पिंड ठेवला जाईल. हे चूक आहे एवढं मला कळत होतं. वाटत नव्हतं, पण कळत होतं.

एक दिवस संध्याकाळी मी आमच्या पलंगावर बसले होते, माझ्या जागेवर, दाराकडे तोंड करून. आम्ही नेहमी तसेच बसायचो. समोरासमोर कधी नाही. टीव्ही तिकडे, दार तिकडे, रस्त्यावरची ये-जा तिकडे. त्यांची जागा माझ्या उजव्या हाताला. मी सहज उजवीकडे बघितलं, आणि मग मला कळलं की मला काय माहीत आहे. मला त्यांचा कान माहीत आहे! डावा कान, त्याच्यामागची मान, जबड्याची कड, भुवईचं टोक, आणि त्या टोकात अडकलेला कापसाचा तूस, जो आंघोळीनंतरही जायचा नाही. कानाच्या कडेला वरच्या बाजूने खाच होती. लहानपणी खाडीवर गळ टाकताना त्यांचाच गळ त्यांच्या कानात अडकला होता. एवढं सगळं मी बोटाने दाखवू शकत होते. इतक्या वर्षांत मी माणसाकडे बाजूनेच बघितलं गं.

आणि त्या कानाशी मी काय बोलले? अहो.

मागांच्या आवाजाने त्यांचे कान हळूहळू गेले. कारखान्यात सगळे हातवारे करून, ओठ वाचून बोलतात, तिथे त्यांचं अडायचं नाही. घरी मी बाजूला बसलेली, ओठ दिसायचे नाहीत. लग्न झालं तेव्हा मी पुटपुटल्यासारखं 'अहो' म्हटलं तरी ते वळायचे. मग जरा मोठ्याने म्हणावं लागायला लागलं. मग आणखी मोठ्याने. शेवटी शेवटी तर वरच्या मजल्यावरचे काका 'ओ' द्यायचे आणि हे बसलेले तसेच.

तर मी ते तसंच काढलं. सूनबाईने मोठा ड्रॉइंगचा कागद आणून दिला, दुपारची जेवणं झाली की मी दार लोटून बसायचे, आणि तोंडाने म्हणत म्हणत लिहायचे. अहो, अहो. पाठीकडून सुरुवात केली, तिथे अगदी मुंगीएवढी अक्षरं, पहिल्या वर्षांतली. मानेवर थोडी वाढली. जबड्यापर्यंत आले तोवर बोटाच्या पेरापेराएवढी. आणि कानाजवळ सगळ्यांत मोठी, पेन दाबून दाबून, कागद मागून उठेपर्यंत. कानाच्या आतलं जे वळण असतं ना, ते 'ह'चंच वळण आहे, ते मला काढावं लागलंच नाही. खाच होती तिथे अक्षर घातलं नाही. कोरी जागा सोडली. भुवईच्या टोकाला तूस, तोही कोराच. समोरचा चेहरा काढला नाही. जिथे चेहरा सुरू होणार तिथे कागद संपतो.

तू म्हणशील, मावशी, तेव्हा तरी रडली असशील. नाही गं. घसा बसला, एवढंच. सूनबाईने हळद घालून दूध दिलं. वर्षभरात मी जेवढं 'अहो' म्हटलं नव्हतं तेवढं त्या दिवसांत म्हटलं, आणि उजव्या हाताला कोणी वळलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी खोटं कशाला सांगू.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मुलाने कोटवाला फोटो उतरवला आणि हे पाटावर ठेवलं. गुरुजी आले, बसले, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"आजी, ह्याला तोंड नाही हो. गंध कुठे लावायचं?"

मुलगा गोंधळला. मी काही बोलणार तेवढ्यात मागून वन्स म्हणाल्या, "लावा कानामागं! जित्ता व्हता तवा तरी कुनाच्या तोंडाकडं बगत व्हता?" गुरुजीसुद्धा हसले. आणि वन्स पुढे आल्या, खाली बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. डोळ्यांना त्यांना आता कमी दिसतं, म्हणून कागदाला नाक लागेपर्यंत वाकल्या. बोट फिरवत फिरवत कानाच्या वर गेलं आणि त्या खाचेत थांबलं.

मग त्यांनी ह्यांना नावाने हाक मारली. लहानपणी खाडीवरून घरी बोलवताना मारत असतील तशी, शेवट लांबवून. पुन्हा मारली. घरात कितीतरी दिवसांनी कोणीतरी ते नाव बोलावण्यासाठी घेतलं होतं, आणि वन्सांच्या तोंडात ते ह्यांचंच होतं. माझा मुलगा रडला, सूनबाई रडली, गुरुजी पंचाने डोळे पुसत होते. मी आत जाऊन भात पुरेल का बघून आले. पुरत होता.

जेवणं झाल्यावर वन्स म्हणाल्या, "ह्यो मना दे."

मी म्हटलं, "न्या."

सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. आत येऊन कुजबुजली, "आई, एवढे दिवस घालवलेत. निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवू दे." मी म्हटलं, नको. का नको म्हटलं ते मलाही माहीत नाही. वन्सांनी ते जुन्या साडीत गुंडाळलं, छातीशी धरलं आणि रिक्षात बसल्या. मी हात हलवला. आत येऊन भांडी विसळली.

संध्याकाळी मुलगा तो कोटवाला पुन्हा लावायला लागला. त्याला मी म्हटलं, राहू दे रे, तो कोण आहे आपला? तेव्हा तो फोटो कपाटावर गेला. म्हणून तुला भिंत रिकामी दिसली.

आता पुढचं ऐक. वन्सांचा एक दिवसाआड फोन येतो. "ये गो बाय, बगून जा. दिव्याजवळ ठेवलाय. रोज हाक मारते, वळत न्हाय मेला." मी सांगते, गुडघे दुखतात. गुडघे दुखतातच, पण अंजूर काही लांब नाही, कारणच सांगायचं म्हणून सांगते. तुला सांगते, मी तिथे जाईन, त्या दिव्याच्या उजेडात ते चित्र बघेन, आणि तेव्हाही काही झालं नाही तर? इथे असेपर्यंत असं म्हणता येतं की अजून बघितलेलं नाही. आणि झालं काही, तर वन्सांसमोर ते मला नको. त्या धरून बसतील, मोठ्याने रडतील, मग मला त्यांनाच सांभाळावं लागेल.

तू असलीस तर चालेल. तू काही विचारत नाहीस, तेवढा तुझा गुण आहे. ऑडिट संपलं असेल आता. पुढच्या महिन्यात वन्सांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मग त्यांच्याकडे माणसांची गर्दी होईल. त्याआधी ये. मुलाला घेऊन आलीस तरी चालेल, तो सूनबाईजवळ राहील. सकाळची ये, जेवून दुपारी आपण रिक्षा करू. तिथे गेल्यावर तू आधी आत जा आणि मग मला बोलव. लवकर ये गं.